रिकामे डबे

आजारपणात मला बघायला येणाऱ्या माणसांचा मला राग यायचा. अजूनही येतो. तोंडावर मी कोणाला काही बोलले नाही. चार माणसांत माझा आवाजच निघत नाही, लहानपणापासून तसंच आहे. म्हणून इथे लिहिते. हे कोणाला दाखवायचं नाहीये, तेव्हा गोड लिहायची काही गरज नाही.

माझी पिशवी काढली. पुस्तकात गर्भाशय लिहितात, आमच्याकडे बायका पिशवीच म्हणतात. वर्षभर अंगावरून फार जात होतं. मुलाचं घर कॅनडात, बर्नाबीत, उंच इमारतीत, आणि त्या घरात पांढरा सोफा. मी त्या सोफ्यावर बसायचंच सोडून दिलं होतं. स्वयंपाकघरातल्या लाकडी स्टुलावर बसायचे. सुनेला वाटायचं, सासूबाईंना सवय नाही सोफ्याची. शेवटी चक्कर येऊन पडले तेव्हा तिला सांगितलं, तिने मुलाला सांगितलं, आणि मग तारखा मिळत मिळत आम्ही मोठ्या डॉक्टर बाईंसमोर जाऊन बसलो.

तिथल्या नर्सने आधीच विचारलं होतं की दुभाषी हवा का, फोनवर मिळतो. एवढं मला समजलं, कारण ‘इंटरप्रिटर’ हा शब्द आमच्या वर्गात झाला होता. मी मान हलवणार तोवर मुलगा म्हणाला, “नो नो, आय ॲम हिअर.”

डॉक्टर बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, काय त्रास होतो. मी मुलाला मराठीत सगळं सांगितलं. कधीपासून, किती, गाठी पडतात, जिने चढताना धाप लागते, भीती वाटते. मुलाशी असलं बोलताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण सांगितलं. तो जमिनीकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. माझं संपल्यावर त्याने डॉक्टरांना इंग्रजीत एक वाक्य सांगितलं. एकच. मग त्या बोलायला लागल्या. कागद घेतला, पिशवीचं चित्र काढलं, त्यातून दोन बाण काढले, एक इकडे आणि एक तिकडे. एका बाणाशी थांबून बोलल्या, मग दुसऱ्याशी थांबून बोलल्या. बोलताना सारख्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी काहीतरी विचारलं आणि माझ्या मुलाने माझ्याकडे न बघता उत्तर दिलं.

गाडीत मी विचारलं, “काय म्हणाल्या रे?”

“काही नाही गं, जनरल सांगत होत्या. काढून टाकायची. एकदाचं होऊन जाऊ दे.”

“एवढा वेळ बोलत होत्या?”

“डॉक्टर लोक बोलतातच, आई.”

मी खिडकीबाहेर बघत बसले आणि मनात ठरवलं की ऑपरेशननंतर दाखवायला जाऊ तेव्हा खोलीत मी एकटी जाणार. माझ्या पोटातलं काय काढलं, काय ठेवलं आणि ते दोन बाण कसले होते, हे मी माझ्या तोंडाने विचारणार.

त्यासाठी वर्ग टिकायला हवा होता. सरकारी इंग्लिश वर्ग, फुकट असतो, सकाळचा. नवरा गेल्यावर मुलाने मला इकडे आणलं, त्यानंतर दोन वर्षं रांगेत नाव होतं तेव्हा जागा मिळाली. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच होती. त्या वर्गात मी पहिल्यांदा बाकावर बसले तेव्हा वहीवर आधी स्वतःचं नाव घातलं. शेवटच्या महिन्यात डॉक्टरकडे कसं बोलायचं ते शिकवणार होते, मग टीचरसमोर तोंडी परीक्षा. नेमकी ऑपरेशनची तारीख त्याच महिन्याच्या तोंडावर आली. टीचर स्वतः दुसऱ्या देशातून आलेली, तिला अशा गोष्टी कळतात. ती म्हणाली, घरून लॅपटॉपवर बस, पण कॅमेरा चालू पाहिजे, रोज पाहिजे. खूप दिवस बुडाले तर ऑफिस नाव काढून टाकतं, ते माझ्या हातात नाही. रांगेत बाहेर खूप लोक आहेत.

म्हणजे मला एवढंच करायचं होतं. सकाळी लॅपटॉपसमोर बसायचं आणि ऐकायचं. पोटाला उशी धरून बसता येत होतं. काही कठीण नव्हतं. लोकांनी कठीण केलं.

सुनेने इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं की सासूबाईंचं ऑपरेशन झालं, कसलं झालं तेही टाकलं. इकडे मील ट्रेन म्हणून प्रकार असतो. ज्याच्या घरी आजारपण आहे त्याच्याकडे एकेक घराने एकेक दिवस जेवण पोचवायचं. गोरे लोक दारात पिशवी ठेवतात, बेल वाजवतात आणि जातात. आमची माणसं दारात ठेवून जात नाहीत. आत येतात, बसतात, सगळं विचारतात आणि स्वतःचंही सगळं सांगतात. बरं, नोकरीवाले संध्याकाळी येणार, तेव्हा मुलगा-सून घरी असतात. पण रिटायर झालेली मंडळी सकाळी मोकळी असतात. ती सकाळी यायची.

आणि त्यांना अडवायचं तर माझ्या हातात काही नव्हतं. खाली लॉबीत बझर दाबला की तो मुलाच्या फोनवर वाजतो. तो ऑफिसमधून बटण दाबून दार उघडायचा. मला विचारायचा नाही. आई घरीच तर आहे. मला कळायचं ते एकदम आमच्या दारावर टकटक झाली की.

सगळ्यांत जास्त यायच्या त्या मंडळाच्या मोठ्या काकू. आम्ही सगळेच त्यांना काकू म्हणतो, माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठ्या असतील. त्यांचे यजमान इंजिनियर होते, आम्ही कोणी नव्हतो तेव्हापासून ते इथे आहेत. गणपतीत आरतीचं ताट त्यांच्या हातात असतं, आणि कोणाच्या घरी काय चाललंय हे त्यांना माहीत नसेल तर त्यांना जेवण जात नाही. पहिल्या वेळी आल्या तेव्हा माझा वर्ग चालू होता. मी पोट धरून दार उघडायला गेले.

“अगंबाई, उठलीस कशाला? झोपून राहायचं!” असं म्हणत त्या सोफ्यावर बसल्या. “चहा तू ठेवतेस का मी ठेवू?”

हे बसल्यावर विचारलं. पर्स मांडीवर, पाय पसरलेले. मी आधण ठेवलं.

“लॅपटॉपवर काय बघत होतीस, सीरियल?”

“वर्ग आहे, काकू. इंग्लिशचा.”

“आता? आता कशाला डोक्याला ताप? मुलगा आहे की बोलायला! आम्ही आलो तेव्हा आम्हाला कोण होतं?” मग आवाज जरा खाली घेतला, म्हणजे त्यांचा खालचा आवाज. “दोन्ही अंडाशयं काढली का एकच? नाही, माझ्या नणंदेची दोन्ही काढली होती, तिला मिशा आल्या.”

लॅपटॉप उघडाच होता. माझा चौकोन रिकामा, मागे काकूंचा आवाज. मी जाऊन बसले तेव्हा काकूही उठून मागे आल्या आणि कॅमेऱ्यात बघून त्यांनी हात हलवला. “हॅलो हॅलो! शी इज व्हेरी वीक! नो स्टडी, ओन्ली रेस्ट!” वर्गातल्या एका बाईने उलट हात हलवला. टीचर हसली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्यांनी माझ्या वतीने टीचरला काय सांगितलं ते मला समजलं होतं, एवढं इंग्लिश मला येत होतं. पण ‘नो’ म्हणायला तोंड उघडलं नाही.

काकूंना वाटायचं त्या माझ्यावर उपकार करतायत. त्यांची आमटी चांगली असते, हे खोटं कशाला लिहू. पण आमटी आणून दिली म्हणून कोणी माझ्या पोटाच्या आत बघायचं का? मंडळातल्या सगळ्या बायकांना माझी पिशवी ठाऊक झाली. पुरुषांनाही झाली असणार, कारण एक गृहस्थ बायकोबरोबर आले आणि माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, “काळजी घ्या हं, वहिनी,” म्हणाले. त्या घड्याळाकडे बघूनच ते चहा प्यायले.

आणि डबे. स्टीलचे डबे, काचेचे डबे, झाकणाला रबर असलेले डबे, खाली चिकटपट्टीवर आडनाव लिहिलेले. ओट्यावर चळत लागली. काकू जाताना दारात म्हणायच्या, “डब्याची घाई नाही हं, सावकाश दे.” ‘सावकाश दे’चा अर्थ आमच्यात सगळ्यांना कळतो. डबा रिकामा परत द्यायचा नसतो. त्यात काहीतरी घालूनच द्यायचा, निदान मूठभर तरी. गावाकडे साखर घालून दिली तरी चालायचं. इथे साखर घातलेली कोणाला चालत नाही.

एका शनिवारी सून म्हणाली, “आई, काकूंचे चार डबे साठलेत. ऑकवर्ड होतंय. थोडंसं काहीतरी करून घालता का? बसून करा हवं तर.”

“विकत आणून घाल ना काही.”

“विकतचं नाही हो चांगलं दिसत. तुमचे बेसनाचे लाडू किती आवडतात सगळ्यांना.”

बेसनाचे लाडू बसून होत नाहीत. बेसन भाजायला उभं राहावं लागतं, हात थांबवून चालत नाही, आणि कढई बिडाची आहे, सुनेने हौसेने घेतलेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दुधाचा मोठा जगसुद्धा उचलायचा नाही. हे मुलाने मला सांगितलं होतं, सुनेलाही माहीत होतं. पण कढई म्हणजे काही जग नव्हे, असं बहुतेक दोघांना वाटलं. सोमवारी ती दोघं ऑफिसला गेल्यावर मी बेसन भाजलं. गॅसवरून कढई उतरवली. वर्ग सुरू व्हायच्या आत लाडू वळून डबे भरले, एवढी मी शहाणी.

दुपारी रक्त दिसलं.

मुलगा आला, फोनवर नर्सशी बोलला, मग इमर्जन्सीत तासन्‌तास बसलो. घाबरण्यासारखं नाही म्हणाले, पण काही दिवस आडवंच राहायला सांगितलं. मुलगा गाडीत म्हणाला, “कोणी सांगितलं होतं लाडू करायला?” मी त्याच्याकडे बघितलं. तो आरशात बघत गाडी चालवत होता. सून मागे बसली होती, ती फोनवर काहीतरी वाचत होती, फोन बंद होता तरी. मी नाव घेतलं नाही. नाव घ्यायचं राहिलं ते अजून पोटात आहे.

त्या दिवसांत वर्ग बुडाला. टीचरचा ईमेल आला, तो माझ्या नातीने मला वाचून दाखवला. नात तिसरीत आहे. मराठी सगळं समजतं, बोलते इंग्लिश. टीचरने लिहिलं होतं की परीक्षा शुक्रवारी आहे, घरून देता येईल, पण ती चुकली तर पुन्हा रांगेत नाव लावावं लागेल.

“आजी, यू हॅव टू डू इट,” नात म्हणाली. जणू मी नको म्हणत होते.

भरलेले डबे ओट्यावर तसेच होते. मी नातीला म्हटलं, “सगळे लाडू आपल्या बरणीत काढ.” तिने काढले. दोन खाल्ले. मग मी स्टुलावर बसून सगळे डबे धुतले, पुसले. काकूंचे आणि बाकीच्यांचेही. इमारतीत ग्रोसरी वर आणायची ढकलगाडी असते, ती नातीने आणली, त्यात डबे रचले.

“आजी, दे आर एम्प्टी.”

“हो.”

“बट यू सेड वी कान्ट गिव्ह एम्प्टी.”

“आता देऊ या.”

तिला फार मजा वाटली. लॉबीतल्या टेबलावर आम्ही ते ओळीने मांडले, चिकटपट्टीवरची आडनावं वर येतील असे. संध्याकाळी मी सुनेला सांगितलं की डबे खाली आहेत, ज्याचे त्याने न्यावेत, ग्रुपवर कळव.

“आई! रिकामे?”

“धुतलेत.”

ती खाली जाऊन आणेल असं मला वाटलं होतं. पण तोवर संध्याकाळचं जेवण पोचवायला आलेल्यांनी ते नेलेही होते, आणि मंडळात बातमी गेलीही होती. दुसऱ्या दिवशी मुलगा घरी आला तो बूट न काढताच बोलायला लागला.

“काकू किती हर्ट झाल्यात माहितीये? शी वॉज क्राइंग, आई. त्यांनी तुझ्यासाठी एवढं केलं.”

“माझ्यासाठी?”

“मग कोणासाठी?”

या घरात एरवी स्वयंपाक कोण करतं ते मला म्हणायचं होतं. मी आजारी पडले तरी घरातल्यांच्या जेवणाचं अडू नये, तेवढ्यासाठी ती मील ट्रेन होती. पण मी म्हटलं, “शुक्रवारी सकाळी माझी परीक्षा आहे. कोणाला वर सोडू नकोस.”

“हो, बरं,” तो म्हणाला. बूट काढायला गेला.

शुक्रवारी मी इस्त्रीचा ड्रेस घातला. टीचर पडद्यावर एकटीच होती. तिने पहिला प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं. दुसरा विचारला, आणि दारावर टकटक झाली.

मुलाने दार उघडलं होतं. सवयीने उघडलं की मुद्दाम, ते मला आजपर्यंत माहीत नाही.

“अगं, मी आहे!” काकूंचा आवाज. “झोपलीस का?”

मग त्यांच्या यजमानांचा, काकांचा आवाज, “बेल दाब, बेल.” बेल वाजली.

“बाथरूममध्ये असेल.”

“लाइट दिसतोय दाराखालून. आहे आत.”

“पिशवी काढल्यावर डोक्यावर परिणाम होतो म्हणतात, खरंच आहे ते. नाहीतर रिकामे डबे कोण देतं?”

“हळू बोल, ऐकू जाईल.”

“जाऊ दे ऐकू! मी काय खोटं बोलतेय?” पुन्हा बेल. “अगं, रागावलीस का आमच्यावर? खीर आणलीय!”

टीचरला बेल ऐकू गेली. तिने विचारलं, दार उघडायचंय का, मी थांबते. तिने भल्यासाठीच विचारलं. माझे पाय जमिनीवर टेकले होते, उठायला तयार. सगळा जन्म बेल वाजली की उठले आहे. पोटात टाके ओढल्यासारखे झाले आणि मी तशीच बसले.

“नो,” मी म्हणाले. “आय ॲम बिझी. आस्क मी नेक्स्ट क्वेश्चन.”

टीचरने भुवया वर केल्या आणि पुढचा प्रश्न विचारला. दाराबाहेर काकू फोनवर मुलाला काहीतरी सांगत होत्या. माझा फोन टेबलावर थरथरायला लागला, त्यावर मुलाचं नाव आलं, गेलं, पुन्हा आलं. मी त्यावर उशी ठेवली. माझं इंग्लिश त्या दिवशी फार चांगलं झालं असं नाही. दोन ठिकाणी अडखळले. पण पास झाले.

काकू त्यानंतर आमच्याकडे आल्या नाहीत. मंडळाच्या कार्यक्रमात दिसल्या तर माझ्या डोक्यावरून बघतात. खीर त्यांनी परत नेली होती. मुलगा आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलला, आणि मीही त्याच्याशी. घरात अशी शांतता मला या देशात पहिल्यांदा मिळाली. मी त्या शांततेत अभ्यास केला. शेवटचा धडा डॉक्टरकडचा होता, तो मी भिंतीकडे तोंड करून इतक्या वेळा म्हटला की नातीलाही पाठ झाला.

दाखवायला जायचा दिवस आला. मुलाने सुट्टी घेतली होती. डॉक्टर बाईंकडे नर्सने नाव पुकारलं, तो माझ्याबरोबर उठला.

“तू इथे बस,” मी म्हटलं.

“आई, तुला नाही जमणार. त्या फास्ट बोलतात.”

“स्लो बोला म्हणून सांगेन.”

“अगं, मेडिकल टर्म्स असतात...”

नर्स दारात उभी होती. मी तिला म्हटलं, “आय गो अलोन. प्लीज.” तिने मुलाकडे बघितलं आणि मग हाताने त्याला खुर्ची दाखवली.

आत डॉक्टर बाईंनी पोट तपासलं, चांगलं भरून आलंय म्हणाल्या. मग मी माझे प्रश्न विचारले. काय काढलं, काय ठेवलं. त्यांनी कागद घेतला आणि पुन्हा तसंच चित्र काढलं. अंडाशयं दोन्ही आहेत म्हणाल्या. मी त्या चित्रावर बोटाने दोन बाण काढून दाखवले, आधी त्यांनी काढले होते तसे. “यू मेक टू. व्हाय टू?”

त्यांना आठवायला वेळ लागला. त्यांनी माझी फाइल उघडून बघितली. मग त्या हळूहळू सांगायला लागल्या. उपाय दोन होते. एक ऑपरेशन. दुसरा म्हणजे आत एक छोटी वस्तू बसवायची, तिने रक्त कमी होतं, काही महिने वाट बघायची, नाही जमलं तर मग ऑपरेशन. “आय आस्क्ड युअर सन व्हिच वन यू वॉन्टेड. ही सेड यू वॉन्टेड द सर्जरी. यू वॉन्टेड इट फिनिश्ड.”

मी पुन्हा सांगायला लावलं. मला समजलं होतं, तरी लावलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, आणि यावेळी त्यांचा चेहरा बदलला. “डिड यू नॉट वॉन्ट इट?”

याचं उत्तर आमच्या धड्यात नव्हतं. कदाचित मी ऑपरेशनच घेतलं असतं. कदाचित नसतं. मी म्हटलं, “नोबडी आस्क्ड मी.” त्यांनी पेन खाली ठेवलं. मग ‘आय ॲम सॉरी’ म्हणाल्या. पुढच्या वेळी दुभाषी नक्की ठेवू, असंही म्हणाल्या. मी म्हटलं, पुढच्या वेळी काढायला पिशवी राहिली नाही. ते मी मराठीत म्हटलं.

मुलगा बाहेर उभाच होता. गाडीत बसेपर्यंत थांबला.

“एवढा वेळ? काय म्हणाल्या?”

पार्किंगमधून गाडी बाहेर काढताना तो माझ्याकडे बघत होता. त्याचे कान लाल होते, त्या दिवशीसारखेच. मी पट्टा लावला.

“काही नाही रे,” मी म्हटलं. “जनरल सांगत होत्या.”

“म्हणजे काय?”

“डॉक्टर लोक बोलतातच.”

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याने एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. विचारायचं असेल तर विचारू दे. त्याला समजलं असेल तर समजू दे. मी सांगणार नाही. सोमवारपासून वरचा वर्ग सुरू होतो, मला सोडायला कोणी नको, बसने जाईन, एवढंच मी त्याला घरी पोचल्यावर सांगितलं.